जाताना जवळ कोण होतं

आमच्या नंदाखाल गावात मयताच्या घरी आलेला माणूस आधी डोळे पुसतो आणि मग विचारतो, "जाताना जवळ कोण होतं?" आजार काय होता, वय किती होतं, हे सगळं नंतर. जो जवळ होता त्याला त्या दिवसापासून वेगळाच मान मिळतो. जाणाऱ्याच्या कानात येशू, मारिया, जोसेफ ही नावं घ्यायची, हातात आशीर्वादित मेणबत्ती द्यायची, हे त्याचं काम. आणि शेवटचा शब्द कानावर पडलाच, तर तो बाकीच्यांपर्यंत पोचवायचा, हेही त्याचंच. आमची आई गेली तेव्हा जवळ प्रिस्का होती, माझी भावजय. मी नव्हते.

हे एवढंसं वाक्य मी वर्षभर गिळते आहे आणि ते अजून घशाखाली उतरलेलं नाही.

मी इझाबेल. हायस्कुलात इतिहास शिकवून रिटायर झाले. लग्न केलं नाही, आईजवळ राहिले. भाऊ केनी, त्याची बायको प्रिस्का आणि त्यांची मुलगी शॅनन आमच्याच घरात पुढच्या बाजूला राहतात, मी मागच्या बाजूला. आईला अर्धांगाचा झटका आला तेव्हापासून तिला न्हाऊ घालणं, कूस बदलणं, पाठीला पावडर लावणं, सगळं मी केलं. प्रिस्का स्वयंपाक करायची. आता तुम्हीच सांगा, यात जड काम कोणाचं? पण आई माझ्या हातची पेज नाक मुरडून खायची आणि प्रिस्काने ओल्या बोंबलाच्या कालवणाची वाटी आणली की लहान मुलासारखा आ करायची. "प्रिस्काचा हात गोड," म्हणायची. माझा हात कशाला होता ते सगळ्यांना ठाऊक होतं, पण ते कोणी बोलून दाखवत नाही.

तो रविवार होता. रिटायर झाल्यावर फादरांनी बायबलचा वर्ग माझ्याकडे सोपवला होता. दुपारी चर्चच्या हॉलमध्ये पंचवीस-तीस माणसं येतात. मी शिकवत होते, आणि घरी आई गेली. परत आले तर वाडीच्या फाटकाशी चपलांचा ढीग. आत आईच्या उशाशी प्रिस्का बसलेली, आणि सगळ्या बाया तिच्या भोवती. मला वाट करून दिली त्यांनी, नाही असं नाही. पण पाहुण्याला देतात तशी.

तेव्हापासून प्रिस्काचं सांगणं सुरू झालं. पहिल्यांदा तिने फादरांना सांगितलं, की आईने तिचा हात घट्ट धरला आणि शांतपणे डोळे मिटले. एवढंच. संध्याकाळच्या प्रार्थनेला शेजारणी जमल्या तेव्हा त्यात भर पडली, आई "बाय माझी" म्हणाली. महिना झाल्यावर चर्चमध्ये मिस्साची प्रार्थना झाली, तोवर आईने तिच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वादही दिला होता. आईचा उजवा हात दोन वर्षं उचललेला मी पाहिला नव्हता, पण आशीर्वादासाठी तो उचलला गेला म्हणे! नाताळात केनीचे जुने ऑफिसवाले आले तोवर "घर सांभाळ, केनीला सांभाळ" हेही आलं होतं. मला सांभाळ असं मात्र एकाही खेपेला आलं नाही.

मी इतिहासाची बाई. बखरीतले घोडे कसे वाढत जातात ते मी तीस-पस्तीस वर्षं मुलांना शिकवलं आहे. आधी पाचशे, मग पाच हजार. प्रिस्काचं बोलणं मी प्रत्येक वेळी कान देऊन ऐकायचे आणि मनातल्या मनात लाल शाईने गोल करायचे. पण तोंडाने काय बोलणार? मी तिथे नव्हते ना. जो नव्हता त्याने गप्प बसायचं असतं. बाया प्रिस्काचे हात हातात घ्यायच्या, "भाग्यवान गो तू," म्हणायच्या, आणि मी चहाचे कप गोळा करत असायचे. जळफळाट व्हायचा माझा. देवाच्या घरचं शिकवणारी बाई मी, पण खोटं कशाला बोलू?

यंदा इस्टरआधीचा उपवासकाळ सुरू झाला आणि वर्गात शॅननने हात वर केला. माझी भाची हुशार आहे. गोरेगावला कुठल्याशा कंपनीत कामाला जाते, जाता-येता फोनवर नाही नाही ते व्हिडिओ बघते.

"आत्या, एक विचारू? हे चारही शुभवर्तमानं येशूच्या नंतर चाळीस-पन्नास वर्षांनी लिहिली ना? म्हणजे कोणीतरी कोणाला सांगितलं, त्याने तिसऱ्याला सांगितलं. मग हे खरं कशावरून?"

मागच्या बाकावरच्या म्हाताऱ्यांनी क्रूस केला. मला मात्र फार आनंद झाला. असा प्रश्न विचारणारं कोणी शाळेतसुद्धा मिळालं नव्हतं. मी म्हटलं, इस्टरपर्यंतचे सगळे रविवार हेच घेऊ.

आणि घेतलं. साक्ष कशी पारखायची ते शिकवलं. सांगणारा स्वतः तिथे होता का, की ऐकीव सांगतोय? घटनेनंतर किती काळाने सांगतोय? एकच जण सांगतो, की एकमेकांशी न ठरवता अनेक जण सांगतात? आणि माझा सगळ्यात आवडता नियम: सांगणाऱ्याला त्यातून काय मिळतं? ज्या गोष्टीने सांगणाऱ्याचीच मान खाली जाते ती तो उगाच रचत नाही. बघा, येशूची रिकामी कबर पहिल्यांदा कोणी पाहिली? बायकांनी. त्या काळात बाईच्या साक्षीला फारशी किंमत नव्हती. गोष्ट रचायचीच असती तर चार प्रतिष्ठित पुरुष नसते का उभे केले? आणि पेत्र घ्या. येशूचा शिष्य, पुढे सगळ्या मंडळीचा पुढारी, पण येशूला पकडलं त्या रात्री अंगणात शेकोटीशी बसून तो एका मोलकरणीला घाबरला आणि येशूला ओळखतच नाही म्हणाला. ही गोष्ट बाहेर कशी आली? आपल्या माणसांतलं तिथे जवळपास कोणीच नव्हतं. म्हणजे पेत्रानेच पुढे कधीतरी स्वतःच्या तोंडाने सांगितली असणार. अशी गोष्ट मी डोळे मिटून खरी मानते.

वर्ग तल्लीन होऊन ऐकत होता. प्रिस्काही यायची, शेवटच्या बाकावर बसायची, डोक्यावर ओढणी, मांडीवर हात. कधी एक प्रश्न नाही.

तिसऱ्या रविवारी मला उदाहरण द्यायचं होतं. उदाहरणं हजार होती माझ्याकडे. मी म्हटलं, "समजा, एका घरात एक म्हातारी बाई वारली. जवळ एकच माणूस होतं. ते माणूस पहिल्यांदा म्हणतं, तिने हात धरला. दुसऱ्यांदा म्हणतं, ती बोलली. तिसऱ्यांदा आशीर्वाद दिला. चौथ्यांदा घराच्या किल्ल्याच दिल्या म्हणा ना! आणि दर खेपेला मोठं कोण होतं? सांगणाराच. आता सांगा, अशा साक्षीची किंमत काय?"

मग एकेक मान हळूहळू मागे वळली. प्रिस्का खाली बघत होती. मी थांबायला हवं होतं म्हणतील काही जण. मला थांबायचं नव्हतं. वर्षभरात पहिल्यांदा सगळ्यांनी माझ्या बाजूने तिच्याकडे बघितलं, आणि मला इतकं बरं वाटलं की काय सांगू.

तेवढ्यात शॅनन उभी राहिली. तिचा चेहरा लाल झाला होता.

"आत्या, पण मग शुभवर्तमानांचं काय? कबरीपाशी मार्क म्हणतो एक तरुण होता, मत्तय म्हणतो देवदूत, लूक दोन पुरुष म्हणतो, योहान दोन देवदूत. क्रूसावरचे शेवटचे शब्दसुद्धा सगळ्यांकडे सेम नाहीत. मागच्या रविवारी तूच सांगितलंस ना, की सांगणं थोडं वेगळं असेल तर घाबरायचं नाही, गाभा एक आहे का ते बघायचं? पोपटासारखं पाठ केलेलं असेल तरच संशय घ्यायचा?"

"सांगितलं."

"मग तो नियम मम्मीला का नाही?"

कोणीतरी खाकरलं. माझ्या तोंडाशी आलं होतं की मत्तय माझ्या आईच्या खोलीत माझ्या आईच्या पलंगावर झोपत नाही, आई गेल्यापासून तुझी मम्मी झोपते. पण वर्गात असं बोलता येत नाही. "वेळ संपली," मी म्हटलं, आणि 'आमच्या पित्या' ही प्रार्थना सुरू केली.

आईला वर्ष होत आलं होतं, त्याचा कार्यक्रम त्याच आठवड्यातल्या गुरुवारी ठेवला होता. सकाळी मिस्सा, दुपारी घरी जेवण. आदल्या दिवशी दुपारी प्रिस्का मागच्या पडवीत भिजवलेले वाल सोलत बसली होती. दोन मोठी पातेली. रविवारपासून ती माझ्याशी बोलली नव्हती आणि मीही नाही. पण एवढे वाल एकटीने सोलून होत नाहीत, आणि जेवण माझ्या आईचं होतं. मी पाट घेऊन समोर बसले.

एक पातेलं सोलून झालं. मग तीच बोलली.

"बाय, तुमी ते पेत्राचं सांगितलं ना. शेकोटीचं. तेव्हापासून मला झोप नाय."

"का?"

"आयने माझा हात धरला नव्हता."

माझी बोटं थांबली. तिची चालूच होती. वालाकडे बघत ती सांगत गेली.

"मी धरला होता तिचा. घरघर लागली म्हनून. तिने डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं, आनि डाव्या हाताने माझा हात लोटला. 'तू नको,' बोलली. साफ बोलली, बाय. शेवटी शेवटी तिचं बोलनं कळत नव्हतं, पन तेव्हा साफ. 'तू नको. इझाबेलला बोलव.' मी कानात येशू-मारिया घ्यायला वाकले तर तोंड फिरवलं. परत तेच. 'इझाबेल.'"

तुम्हाला वाटेल मला रडू आलं. नाही आलं. आधी मला आनंद झाला, अगदी उघडा, निर्लज्ज आनंद. बघा! बोंबलाचं कालवण एकीकडे आणि मी एकीकडे! शेवटी कोण आठवलं? वर्षभर ज्या खुर्चीवर ही बसली होती ती खुर्ची माझी होती. आईने स्वतः तिला उठवलं होतं.

आणि तिच्यावर माझा पूर्ण विश्वास बसला. नको ती गोष्ट होती ही तिच्यासाठी. रोज मायेने भरवलेल्या सासूने शेवटच्या क्षणी हात झटकला, हे कोण रचून सांगेल?

"मग मला फोन का नाही केलास?" मी विचारलं. आवाज चढलाच माझा.

"तेच सांगते ना. फोन आत चार्जिंगला होता. मी धावत गेले. तुमचा लावला, बंद. परत लावला, बंद."

वर्गात मी सगळ्यांना फोन बंद करायला लावते. स्वतःचाही करते, नाहीतर शिस्त कशी राहील.

"मग शॅननला लावला, ती पन तुमच्याच वर्गात. मग केनीला लावला. मग परत आले तर..." तिने हातातला वाल पातेल्यात टाकला. "तर झालं होतं. मेनबत्ती पन पेटवलेली नव्हती."

"म्हणजे जवळ कोणी नव्हतं?"

"कोन नव्हतं, बाय."

वाडीत कोणीतरी केळीला पाणी सोडलं होतं, त्याचा आवाज येत होता. मला माझ्या आनंदाची चव बदलल्यासारखी वाटली. आई माझं नाव घेत होती, आणि ते ऐकायला खोलीत भिंती होत्या. प्रिस्काने वर्षभर सांगितलं ते एवढ्यासाठी. सुरुवातीला तरी. फादरांनी पहिला प्रश्न विचारला, जवळ कोण होतं, आणि हिच्या तोंडून निघून गेलं, मी होते, हात धरला होता. मग त्या हाताला पुढचं सगळं चिकटत गेलं. बायांना ऐकायला गोड लागलं, आणि हिलाही लागलं असणार. तो हात झटकलेला विसरायला बरं पडलं असणार. मी तिला एवढं ओळखते.

"उद्या सांगा तुमी सगळ्यांना," ती म्हणाली. "मावशी येनार हाय, ती इचारेलच. तुमी सांगा. मी 'नाय' बोलनार नाय."

आणि उठून पातेलं घेऊन आत गेली. मला दिलं तिने ते. वर्षभर मला जे हवं होतं ते, पदरात टाकलं.

रात्रभर मी ते वाक्य जुळवून बघितलं. "आईने शेवटी मला हाक मारली." एवढंच सांगायचं आणि थांबायचं. पण थांबता येत नव्हतं. मग तू कुठे होतीस? मग प्रिस्का कुठे होती? मग जवळ कोण होतं? आमच्या गावाला हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय घास उतरत नाही. माझं नाव सांगायचं तर आई एकटी मेली हेही सांगावं लागणार होतं. कान रिकामे, हात रिकामे. ती अजून पन्नास वर्षं गावात तशीच राहिली असती, एकटी मेलेली बाई, दोन बायका घरात असून. एकातून दुसरं कापून काढता येतं का ते मी सगळ्या बाजूंनी पाहिलं, पण जमलं नाही.

गुरुवारी मिस्सा झाला. घर भरलं. वालाचं बिरडं, पापलेट, पाव. मधल्या खोलीत आईच्या फोटोला हार घातला होता. क्रिस्टीना मावशी, आईची धाकटी बहीण, वर्षभर मुलाकडे दुबईला होती. तिने यातलं काहीच प्रत्यक्ष ऐकलं नव्हतं. हात धुऊन ती खुर्चीत बसली, डोळे पुसले आणि विचारलं.

"माझी बहीन गेली तेव्हा जवळ कोन होतं?"

रविवारच्या वर्गातली निम्मी माणसं तिथे होती. सगळ्यांना ठाऊक होतं की आता काहीतरी होणार. प्रिस्का दारात ताटं घेऊन उभी होती. तिने नेहमीसारखं पुढे येऊन सांगायला सुरुवात केली नाही. ती माझ्याकडे बघत होती. शॅननही बघत होती.

मी आईच्या फोटोकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर खरं बोलले असते.

"प्रिस्का होती," मी म्हटलं. "आईने तिचा हात धरला होता."

प्रिस्काने हातातली ताटं होती तिथेच खाली ठेवली.

"देवाची कृपा," मावशी म्हणाली. तिने प्रिस्काला जवळ ओढलं, शेजारी बसवलं, तिचे दोन्ही हात आपल्या मांडीवर घेतले. माझ्या छातीत जी कळ आली ती जुनीच होती, ओळखीची. वाटलं होतं खरं कळल्यावर ती जाईल. उलट आता मला माहीत होतं की ते हात कोणाचे असायला हवे होते.

मग मावशी माझ्याकडे वळली. म्हाताऱ्या माणसांना सगळ्यांची काळजी असते.

"आनि तुझं नाव नाय घेतलं गो तिने? एवढं केलंस तिचं. एकदा पन नाय?"

शॅनन माझ्या तोंडाकडे बघत होती. प्रिस्काने मान खाली घातली होती.

"नाही," मी म्हटलं. "माझं नाव नाही घेतलं."

मावशी हळहळली. मग सगळ्या माना पुन्हा प्रिस्काकडे वळल्या.